नवा कोच आला? आधी त्याची माणसं बघा!

लातुरात ‘कोच’ म्हटलं की दोन गोष्टी डोळ्यासमोर येतात. पहिली, रेल्वेचा डबा, कारण कोच फॅक्टरी आपल्याच गावात आहे. २०१८ साली पायाभरणी झाली आणि २०२० च्या डिसेंबरात पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर पडला. दुसरी, ट्यूशनवाले सर. नांदेडला डब्यांचा कारखाना नाही, पण सरांची काही कमी नाही.

अ‍ॅडमिशनच्या दिवसांत लातूरच्या ट्यूशन एरियात किंवा नांदेडच्या श्यामनगर-भाग्यनगरकडे एक चक्कर मारा. होर्डिंगवर क्लासच्या संचालकांचा सूटबुटातला, हाताची घडी घातलेला फोटो असतो. पण उदगीरहून नाहीतर देगलूरहून पोरीला घेऊन आलेला बाप त्या फोटोकडे बघतही नाही. काउंटरवर जाऊन तो सरळ विचारतो, ‘‘फिजिक्सला कोण हाय? अन् बायो कोण घ्यायलंय?’’ मागच्या वर्षीचे केमिस्ट्रीचे सर समोरच्या क्लासला गेले असतील तर तो चपला घालून समोर जातो. संचालक कितीही मोठा असो.

हाच बाप संध्याकाळी टीव्हीसमोर बसतो तेव्हा मात्र ही अक्कल कुठं जाते, देव जाणे. टीम इंडियाला नवा कोच मिळाला की आपण त्याच्या सेंच्युऱ्या मोजायला लागतो. किती टेस्ट खेळला, कॅप्टनशी पटतं का, प्रेस कॉन्फरन्समध्ये काय बोलला. त्याच्यासोबत बॅटिंग, बोलिंग, फील्डिंग बघायला कोण आलंय, ही बातमी आतल्या पानावर चार ओळींत संपते. खरं तर नव्या कोचचा पहिला निर्णय तोच असतो. रिझल्ट यायला वर्ष-दोन वर्षं जातात. माणसांची यादी पहिल्या महिन्यात हातात पडते आणि तिच्यात बऱ्याच गोष्टी लिहिलेल्या असतात. फक्त वाचता यायला पाहिजेत.

३११ विरुद्ध ४

२०१७ चा जुलै आठवा. अनिल कुंबळे आणि विराट कोहली यांचं फाटलं होतं, कुंबळेने राजीनामा दिला होता. सचिन, सौरव आणि लक्ष्मण यांच्या सल्लागार समितीने रवी शास्त्रीला कोच केलं आणि त्याच दमात आणखी दोन नावं जाहीर केली. परदेश दौऱ्यांवर बॅटिंगसाठी राहुल द्रविड आणि बोलिंगसाठी झहीर खान. आपल्या श्रीरामपूरचा झहीर! ९२ टेस्ट, ३११ विकेट. २०११ चा वर्ल्ड कप जिंकलेला बोलर. याच्याहून चांगला माणूस कुठून आणणार?

पण शास्त्रीला हवा होता भरत अरुण. दोन टेस्ट, चार विकेट.

देशभरच्या ऑफिसांत त्या आठवड्यात एकच चर्चा होती. ‘दोस्तीखाते भरती’. अरुण हा शास्त्रीचा तरुणपणापासूनचा मित्र, २०१४ ते २०१६ या काळातही त्याच्याच हाताखाली बोलिंग कोच होता. समितीचं म्हणणं, आम्ही शास्त्रीला विचारूनच नावं दिली. शास्त्री मागे हटला नाही. आठवड्याच्या आत बोर्डाने जाहीर केलं: बोलिंगला भरत अरुण, फील्डिंगला आर. श्रीधर, असिस्टंट कोच संजय बांगर. झहीरचं नाव गळालं.

कागदावर हा निर्णय हास्यास्पद होता. एचआरवाल्याने दोन सीव्ही शेजारी ठेवले असते तर दुसरा उघडलाच नसता.

आता पुढचं बघा. २०१८ च्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेत तीन टेस्ट झाल्या. समोरच्या टीमच्या सगळ्या ६० विकेट आपल्या बोलर्सनी काढल्या. त्या एका वर्षात बुमराहने ४८, शमीने ४७ आणि इशांतने ४१ विकेट घेतल्या. वर्ष संपता संपता ऑस्ट्रेलियात पहिल्यांदाच टेस्ट सिरीज जिंकायची सोय झाली. दोन वर्षांनी, २०२१ च्या जानेवारीत, निम्मी टीम जायबंदी असताना ब्रिस्बेनला पुन्हा तेच. मोहम्मद सिराज त्या दौऱ्यात टेस्टमध्ये आला आणि नटराजन तर नेट बोलर म्हणून गेला होता.

हे सगळं अरुणने केलं असं कुणी म्हणत नाही. बुमराहला बुमराह कुणी शिकवलेलं नाही. पण अरुण वर्षभर टीमसोबत होता. रोज, नेटमध्ये, बसमध्ये, हॉटेलच्या लॉबीत. झहीरला दिलेलं पद होतं ‘कन्सल्टंट’. कन्सल्टंट म्हणजे काय असतं ते तुम्हा-आम्हाला चांगलं माहीत आहे. येतो, पीपीटी दाखवतो, जेवतो, जातो.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा. शास्त्री हा टीममध्ये हवा भरणारा माणूस. मोठं बोलायचं, पोरांना वाघासारखं मैदानात सोडायचं. बोलरचा पाय क्रीझवर कुठे पडतो, मनगट कधी सुटतं, हे रोज उठून बघत बसणं त्याच्या स्वभावात नाही, असं मला तरी त्याच्याकडे बघून वाटत आलंय. अरुण नेमका तसा. म्हणजे मित्र निवडला हे खरं, पण स्वतःसारखा मित्र निवडला नाही. यादी वाचताना मी सगळ्यात आधी हे शोधतो.

बीडचा माणूस

या सगळ्या गोष्टीत आपल्या मराठवाड्याचा एक गडी सुरुवातीपासून उभा आहे आणि त्याच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. संजय बांगर, जन्म बीडचा.

रणजी खेळला रेल्वेकडून. २००२ ला हेडिंग्लेच्या ढगाळ हवेत ओपनिंगला पाठवला तेव्हा २३६ बॉल खाऊन ६८ केले. नंतर द्रविड, सचिन आणि गांगुली, तिघांनी सेंच्युरी ठोकली. पेपरात फोटो त्या तिघांचे आले. इंडिया डावाने जिंकली. नवा बॉल जुना करून देणं हे काम असंच असतं, करणाऱ्याचा फोटो येत नाही.

कोच म्हणून तो टीममध्ये कसा आला, ती गोष्ट तर प्रत्येक नोकरदाराने वाचावी. २०१४ चा ऑगस्ट. इंग्लंडमध्ये १-३ अशी धुलाई झालेली. चीफ कोच डंकन फ्लेचर. बोर्डाने फ्लेचरला काढलं नाही. त्याच्या डोक्यावर शास्त्रीला ‘टीम डायरेक्टर’ म्हणून आणून बसवलं, फ्लेचरचे दोन सहकारी, जो डॉज आणि ट्रेव्हर पेनी, यांना ‘विश्रांती’ दिली आणि बांगर, अरुण, श्रीधर यांना पाठवलं. फ्लेचरची खुर्ची तीच, केबिन तीच, दारावरची पाटी तीच. माणसं दुसऱ्याची. त्या दिवसापासून टीम कुणाची होती, हे सांगायला आणखी काही लागतं का?

बांगर मात्र टिकला. २०१६ ला कुंबळे आला, अरुण गेला, बांगर राहिला. कुंबळे गेला, शास्त्री परत आला, बांगर राहिला. दोन वेगळ्या स्वभावांच्या बॉसना एकच माणूस चालतो तेव्हा तो एकतर फार कामाचा असतो किंवा फार गप्प असतो. बांगर बहुधा दोन्ही होता.

मग आला २०१९ चा वर्ल्ड कप. मँचेस्टरची सेमीफायनल. रोहित एक, राहुल एक, विराट एक. ५ वर ३. त्या दिवशी ज्याने टीव्ही फोडला नाही तो संत. धोनी सातव्या नंबरला आला आणि आपण १८ रनांनी हरलो. त्या आधी दोन वर्षं ‘चार नंबरला कोण?’ हा प्रश्न सुटलेलाच नव्हता.

ऑगस्टमध्ये मुलाखती झाल्या. शास्त्री पुन्हा कोच. अरुण पुन्हा. श्रीधर पुन्हा. बांगर तेवढा बाहेर, त्याच्या जागी विक्रम राठोड.

हिशेब कडक लावला तर निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. २०१८ ला बोलर्स विकेट काढत होते आणि बॅट्समन हातातल्या टेस्ट घालवत होते. दक्षिण आफ्रिकेत १-२, इंग्लंडमध्ये १-४. पण ऑस्ट्रेलियात चेतेश्वर पुजाराने तीन सेंच्युऱ्यांसह ५२१ रन केले, तेही बांगरच्याच काळात. आणि चार नंबरचा घोळ एकट्या बॅटिंग कोचचा कसा? टीम निवडणारे निवड समितीवाले, खेळवणारे कॅप्टन आणि चीफ कोच. धोनीला सातला पाठवायचं हे काय बांगरने परस्पर ठरवलं असेल? चौघांच्या टीममधला एक जण गेला आणि बाकी तिघांना नवं कॉन्ट्रॅक्ट मिळालं, एवढंच दिसतं. शास्त्रीने दोन वर्षांपूर्वी अरुणसाठी जेवढा जोर लावला, तेवढा बांगरसाठी लावलेला निदान बाहेर तरी दिसला नाही. आणलेल्या माणसांत बॉसचा खरा माणूस कोण, हे कळायला अशी एखादी मँचेस्टर लागते. मराठवाड्याचा म्हणून माझा जीव जळतो असं कुणी म्हणेल. म्हणू दे.

तिकडे अमेरिकेत

एम.एस.ला गेलेल्या मित्रांकडून तुम्ही कॉलेज फुटबॉलबद्दल ऐकलं असेल. आपला फुटबॉल नाही, अंडाकृती बॉलवाला. कॉलेज पोरांची मॅच आणि स्टेडियममध्ये एक लाख माणूस! तिथे कॉलेजने नवा कोच आणला की लोकांचं पुढचं वाक्य ठरलेलं: कोऑर्डिनेटर कोण? आक्रमण एकाच्या हातात, बचाव दुसऱ्याच्या. ही दोन नावं जाहीर होईपर्यंत तिकडच्या लोकांना झोप नसते. आपल्या उदगीरवाल्या बापासारखंच.

लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीचा कोच एड ऑर्जेरॉन याचं उदाहरण घ्या. २०१९ ला त्याने जो ब्रेडी नावाचा २९ वर्षांचा पोरगा आणला. आक्रमणाची नवी स्टाइल त्याच्या डोक्यात होती. त्या सीझनला १५ पैकी १५ मॅच जिंकून टीम नॅशनल चॅम्पियन. लगेच ब्रेडीला प्रोफेशनल टीमने उचललं, बचाव सांभाळणारा डेव्ह अरांडा दुसऱ्या युनिव्हर्सिटीत हेड कोच झाला. ऑर्जेरॉनने बचावाला बो पेलिनीला बोलावलं, म्हणजे २००५ ते २००७ मध्ये त्याच कॉलेजात हेच काम करून गेलेला जुना खेळाडू. पुढचा सीझन ५ जिंकले, ५ हरले. पेलिनीला काढलं आणि २०२१ च्या सीझनमध्येच ऑर्जेरॉनचंही जायचं ठरलं. कोच तोच, कॉलेज तेच, पोरांचं टॅलेंटही काही एका रात्रीत आटलं नव्हतं.

याच्या उलट अलाबामाचा निक सेबन. २००७ ला तिथे आला आणि २०२४ ला रिटायर होईपर्यंत सहा टायटल जिंकली. २०१४ ला त्याने लेन किफिनला आक्रमण दिलं. किफिनला काही महिन्यांपूर्वीच दुसऱ्या युनिव्हर्सिटीने हरलेल्या मॅचहून परतताना मध्यरात्री एअरपोर्टवर गाठून काढलं होतं. बोलायला तिखट, लोकांना न आवडणारा. सेबन स्वतः बचावाचा माणूस, शिस्तीचा कडक. आपल्याला जे येत नाही ते ज्याला येतं तो घेतला, भले त्याच्याशी रोज खटके उडोत. सेबनच्या हाताखाली बचाव सांभाळणारा कर्बी स्मार्ट पुढे जॉर्जियाचा हेड कोच झाला आणि सेबनलाच फायनलमध्ये हरवून बसला. आपल्याला उद्या हरवू शकेल असा माणूस शेजारच्या खुर्चीत बसवायला छाती लागते. आपल्याकडच्या किती मॅनेजरकडे ती असते?

पंचवीस-पंचवीस लाख

राहुल द्रविडची यादी मला अजून आवडते. २०२१ च्या नोव्हेंबरात तो आला तेव्हा राठोडला ठेवलं. आधीच्या बॉसचा माणूस म्हणून उडवलं नाही. बोलिंगला पारस म्हांब्रे, मुंबईचा, दोनच टेस्ट खेळलेला, पण अंडर-१९ आणि इंडिया ‘ए’ टीमपासून द्रविडसोबत राबलेला. फील्डिंगला हैदराबादचा टी. दिलीप. हा इंडियासाठी एकही मॅच खेळलेला नाही. कोचिंग शिकायच्या दिवसांत खर्च भागवायला गणिताच्या ट्यूशन घ्यायचा, असं त्याच्याबद्दल छापून आलंय. म्हणजे लातुरात सहज खपला असता! तिघांपैकी एकाचंही नाव होर्डिंगवर लावण्यासारखं नव्हतं. २०२४ च्या जूनमध्ये बार्बाडोसला वर्ल्ड कप आला.

द्रविडचं खरं पाणी दिसलं ते पैशाच्या वेळी. २०१८ ला अंडर-१९ वर्ल्ड कप जिंकल्यावर बोर्डाने त्याला ५० लाख आणि सपोर्ट स्टाफला २०-२० लाख जाहीर केले. द्रविड म्हणाला, सगळ्यांना सारखे द्या. बोर्डाने मग सगळ्यांना २५ लाख केले. म्हणजे स्वतःचे अर्धे कमी करून घेतले. २०२४ लाही पाच कोटींऐवजी सहकाऱ्यांएवढे अडीच कोटीच घेतल्याच्या बातम्या आल्या. अप्रायझलच्या महिन्यात हा पॅरा कापून केबिनच्या दारावर चिकटवायला हरकत नाही. (आमच्या नावाने नको.)

त्याच्यानंतर जुलै २०२४ ला गौतम गंभीर आला. त्याने नुकत्याच आयपीएल जिंकलेल्या केकेआरमधून अभिषेक नायर आणि रायन टेन डोशेट यांना घेतलं आणि लखनौच्या दिवसांतला मॉर्नी मॉर्केल बोलिंगला. तिघेही आधी आपल्यासोबत काम केलेले. द्रविडच्या स्टाफमधला टिकला तो एकटा दिलीप. घरच्या मैदानावर न्यूझीलंडकडून ०-३, त्यात आपल्या पुण्याची मॅचही आली. मग ऑस्ट्रेलियात १-३. जानेवारी २०२५ ला राजकोटचा सितांशू कोटक बॅटिंग कोच म्हणून दाखल. मार्चमध्ये चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकली तरी एप्रिलमध्ये नायरला जावं लागलं. पुरते नऊ महिनेही झाले नव्हते. दिलीपही गेल्याच्या बातम्या आल्या, पण इंग्लंडच्या दौऱ्याला तो परत हजर. नायरला केकेआरने लगेच परत घेतलं आणि पुढे मुख्य कोचच केलं. २० ओव्हरच्या दोन महिन्यांच्या स्पर्धेत बसलेली घडी पाच दिवसांच्या टेस्टला तशीच्या तशी लागू होईल, हा अंदाज या यादीत होता. टेस्टपुरता तो चुकला, असं माझं मत.

वाघमारे सरांचं कॉलेज

‘लातूर पॅटर्न’चं नाव आपण उठसूट घेतो. बोर्ड मेरिट लिस्ट काढायचं त्या काळात या गावाने मुंबई-पुण्याला घाम फोडला. त्या गोष्टीतलं मोठं नाव म्हणजे राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे, जे पुढे १९९४ ला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. सर स्वतः इंग्रजीचे. अभ्यास अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा. आणि कॉलेजचा डंका वाजला तो फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्समध्ये! जादा तास घेणारे, पेपरमागून पेपर काढणारे आणि रात्री बसून तपासणारे शिक्षक दुसरेच. प्राचार्यांनी त्यांच्या विषयात नाक न खुपसता त्यांच्याकडून ते करवून घेतलं. ज्याला स्वतःला केमिस्ट्री येत नाही त्याला केमिस्ट्रीचा माणूस नीट पारखावाच लागतो.

आता तुमच्या ऑफिसचं. नवा ब्रँच मॅनेजर किंवा नवा प्रोजेक्ट हेड आला की पहिल्या दिवशीच्या भाषणाला टाळ्या वाजवा, समोसा खा. नंतर गंमत बघा. जुन्या कंपनीतून चार जण घेऊन आला तर लगेच रिझ्युमे अपडेट करायला बसू नका, अरुणही तसाच आला होता. बघायचं ते असं, की त्या चौघांपैकी कुणी मीटिंगमध्ये त्याला ‘सर, हे चालणार नाही’ म्हणतं का. आधीच्या बॉसच्या माणसांपैकी एकाला तरी त्याने कामाचं काही दिलं का. आणि पहिलं टार्गेट हुकलं त्या दिवशी वरच्या मेलमध्ये कुणाचं नाव गेलं. हे तिसरं कळायला थोडा वेळ लागतो, पण कॅन्टीनमध्ये बहुतेक दुपारपर्यंत येतंच.

आणि त्याच्यासोबतचे लोक ओळखीचे वाटले नाहीत, सीव्ही हलके वाटले, तर २ नोव्हेंबर २०२५ ची रात्र आठवा. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या पोरींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ रनांनी हरवून वर्ल्ड कप घेतला. मुख्य कोच अमोल मुझुमदार, फर्स्ट क्लासमध्ये अकरा हजारांवर रन आणि इंडियाची कॅप कधीच नाही. बोलिंगला आविष्कार साळवी, २००३ ला चार वन-डे खेळून विस्मरणात गेलेला. फील्डिंगला पंजाबचा मुनीश बाली, इंडियासाठी शून्य. तिघांचे मिळून इंटरनॅशनल सामने चार.